आवाज बंद, दिगंबर सुरू

दिगंबर गेल्याची बातमी आली तेव्हा मी नांदेडला आमच्या कॉलेजात परीक्षेच्या हॉलवर होतो. फोन खिशात थरथरत होता, म्हणून दाराबाहेर जाऊन पाहिलं. इंजिनिअरिंगच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, ‘आपला दिगंबर आज पहाटे लातूरला गेला. वय छत्तीस.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी तो मेसेज तीनदा वाचला आणि उत्तर टाइप केलं, ‘छत्तीस नाही, पस्तीस. वाढदिवस व्हायचा होता.’ पाठवलंही. मग हॉलमध्ये परत येऊन तासभर मुलांच्या रांगांतून फिरत राहिलो. घरी जाऊन पुन्हा तो ग्रुप उघडला, तेव्हा एवढ्या सगळ्या जोडलेल्या हातांमध्ये माझी ती दुरुस्ती एकटीच उभी दिसली, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

मला चुका दुरुस्त करायची खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी त्यातलं शुद्धलेखन बघतो. एसटीत कंडक्टरने थांब्याचं नाव चुकीचं पुकारलं की मला राहवत नाही. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तर त्याला आधी सांगाल, मुकुट वाकडा आहे. ही खोड इथे सांगायचं कारण एवढंच, की दिगंबरबद्दल लिहायचं तर तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. मी एकदा त्याचं काहीतरी दुरुस्त केलं होतं. ते मागे घ्यायचं दहा वर्षं राहून गेलं, आणि आता तर तोच नाही.

आम्ही भेटलो नांदेडजवळच्या विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलच्या एका खोलीत. चार कॉट, एक खिडकी, गच्चीवर गेलं की धरणाचं पाणी दिसायचं. चौघेही बारावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे आणि चार माणसांत गेलं की घामाघूम होणारे. आमच्यातला एक जण ऑटोवाल्याला ‘थांबवा’ म्हणायची लाज वाटते म्हणून, दुसरं कोणी उतरेपर्यंत बसून राहायचा आणि मग एक किलोमीटर मागे चालत यायचा. वर्गातल्या एका मुलीने मला जर्नल मागितलं तेव्हा मी जर्नलबरोबर पेन, पट्टी आणि मेसचं कार्डही तिच्या हातात देऊन पळून आलो होतो. आणि या सगळ्यांत दिगंबर अव्वल. लातूरजवळच्या मुरुडचा हा उंच, हडकुळा पोरगा मेसमध्ये दुसरी पोळी मागायचा नाही. वाढणारा समोरून निघून जायचा आणि हा ताटाकडे बघत बसायचा. मग मीच ओरडून पोळी मागायचो आणि त्याच्या ताटात टाकायचो. त्यावर तो फक्त मान हलवायचा.

खोलीतला कॉम्प्युटर माझा होता. नांदेडच्या दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेला, मॉनिटर मांडीवर घेऊन ऑटोतून आणलेला. एका सिनिअरने त्यात एक अमेरिकन विनोदी मालिका भरून दिली. तीन शास्त्रज्ञ एका घरात राहतात, फळ्यावर समीकरणं लिहितात, बाहेरच्या जगात गेले की त्यांची फजिती होते, आणि खालच्या मजल्यावर बेकरी चालवणारी एक हसरी मुलगी त्यांना सांभाळून घेते… एवढं चित्रावरून कळायचं. कारण त्या फायलींना आवाजच नव्हता. गाणी वाजायची, सिनेमे वाजायचे, ही मालिका मात्र मुकी. चार होऊ घातलेल्या इंजिनिअरांनी दोन महिने खटपट केली, स्पीकर उघडून पुन्हा जोडले, आणि शेवटी नाद सोडला. मुकी तर मुकी, म्हणून एका रविवारी दुपारी पाहायला बसलो. रविवारी मेसमध्ये दुपारचं जेवण जोरदार असायचं आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणून मी घरून आणलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन संध्याकाळसाठी सुशीला करून ठेवलेलं असायचं, ते दुपारीच उघडलं जायचं. पडद्यावरच्या उंच शास्त्रज्ञाने फ्रिज उघडला, एक डबा काढला, त्यात बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दोघांकडे वळून तावातावाने काहीतरी बोलू लागला. तेवढ्यात मागच्या कॉटवरून आवाज आला, “आरं, दही कुणी संपिवलं? इरजणापुरतं तरी ठिवायचं का न्हाई? म्या काय गाय हाय का रे?”

आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. दुसरी पोळी न मागणारा दिगंबर, तोंडात सुशीला, नजर पडद्यावर. आणि पडद्यावरचा बुटका शास्त्रज्ञ तोंड उघडतोय तोवर दिगंबरच्या गळ्यातून दुसराच आवाज आला, नाकातला, कांगावखोर, “म्या न्हाई खाल्लं अण्णा, आईशप्पत!” त्या दुपारी आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतली पोरं काय झालं म्हणून पाहायला आली, आणि पुढच्या रविवारी तीच पोरं जागा धरायला आधी येऊन बसली.

मग ती रीतच पडली. रविवारी दुपारी कोणीतरी दाराशी येऊन विचारायचं, “हाय का?” आणि मी कॉम्प्युटर लावता लावता म्हणायचो, “आवाज बंद, दिगंबर सुरू.” खोलीत वीस-वीस पोरं दाटीवाटीने बसायची. मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कोणी घ्यायचं नाही. दिगंबरने तिला नाव दिलं होतं ‘तीन भावांचं बिऱ्हाड’. त्याच्या मालिकेत ते तिघे सख्खे भाऊ होते. आई लवकर गेलेली. उंच होता तो थोरला, त्याने दोघा धाकट्यांना वाढवलं, म्हणून तो येता-जाता त्यांच्यावर डाफरतो. जेवणाच्या टेबलावर थोरल्यापुढे ताट नसलं की दिगंबर सांगायचा, आज सोमवार आहे, थोरल्याचा उपास. फळ्यावरची समीकरणं म्हणजे औंदा सोयाबीन कोणत्या शेतात आणि तूर कोणत्या, याचं गणित. आणि खालची बेकरीवाली म्हणजे त्यांच्या मामाची मुलगी. ती धाकट्याला द्यायची असं मामाच्या मनात आहे, पण थोरल्याचं लग्न झाल्याशिवाय धाकटा बोहल्यावर कसा चढणार, आणि थोरला तर लग्नाचं नाव काढू देत नाही… या पेचावर त्याने चार वर्षं काढली. भाग संपला, पडदा काळा झाला, की दिगंबर पुन्हा पहिल्यासारखा गप्प. ‘भारी झालं रे’ म्हणून कोणी पाठीवर थाप मारली तर कानापर्यंत लाल व्हायचा.

तिसऱ्या वर्षी एका ज्युनिअरने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टाकलं आणि मालिकेला अचानक आवाज फुटला. भराभरा बोललेलं इंग्रजी आणि दर वाक्यामागे न दिसणाऱ्या माणसांचं खो खो हसणं. खोलीतल्या कोणाला ते फारसं समजलं नाही. पाच मिनिटं सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसले. मग मागून कोणीतरी म्हणालं, “बंद कर रे त्यो कालवा.” मी आवाज बंद केला आणि दिगंबर सुरू झाला.

त्याच वर्षी सुट्टीत मी दोन दिवस मुरुडला त्याच्या घरी राहिलो होतो. त्याच्या थोरल्या भावाची, अण्णांची, पिठाची गिरणी होती. अण्णा उंच, काटकुळे, भुवयांवर पांढरं पीठ. मी दारात चप्पल काढतोय तोच गिरणीतून ओरडले, “आधी पाय धुवा. मंग जेवा. मंग काय बोलायचं ते बोला.” आम्ही जेवायला बसलो तेव्हा ते बसले नाहीत. उभ्यानेच वाढत राहिले, मधला भाऊ नीट जेवत नाही म्हणून त्याला झापलं, माझ्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकली. आई गेली तेव्हा दिगंबर चौथीत होता, वडील त्याच्याही आधी गेलेले, आणि अण्णांनी लग्नच केलं नाही, हे मला तिथेच कळलं. मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, पोटभर खाल्लं आणि परत आलो. तीन भाऊ, आई नाही, थोरला उंच आणि डाफरणारा, लग्नाचं नाव न काढणारा… शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मला कळलं नाही. दिगंबर आम्हाला चार वर्षं त्याचं घर सांगत होता, आणि आम्ही हसत होतो.

पुढे मी पुण्याला नोकरीला लागलो, तो लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागला. पुण्याच्या ऑफिसात एकदा जेवणाच्या टेबलावर त्या मालिकेचा विषय निघाला. मला आनंद झाला, आपल्यालाही बोलायला काहीतरी मिळालं. मी म्हणालो, तिघा भावांमधला थोरला मला सगळ्यात आवडतो. मग एकीने विचारलं, कोण भाऊ? मी समजावू लागलो, थोरला, मधला, धाकटा, ती मामाची मुलगी… ते लोक इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मालिकेत ते भाऊ आहेत हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तेवढं तरी खरं असणार असं मी धरूनच चाललो होतो. नंतर महिनाभर मला ऑफिसात ‘धाकटा’ म्हणायचे. त्या महिन्यात मी ती मालिका पहिल्यापासून पाहिली, आवाज लावून, खाली इंग्रजी अक्षरं लावून, पाठ्यपुस्तक वाचावं तशी. ते तिघे एका लॅबमध्ये काम करणारे भाडेकरू निघाले. उंच माणूस आत्मकेंद्री, दुसऱ्याचं दुःख न कळणारा, आणि सगळा विनोद त्याच्या या कोरडेपणावर बेतलेला. मला दिगंबरचा राग आला. आज सांगायला लाज वाटते, पण खरंच आला.

तो राग घेऊन मी त्याच्या लग्नाला मुरुडला गेलो. सुनीता त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. हेही त्याने आम्हाला चार वर्षं सांगितलंच होतं म्हणायचं. हळदीच्या दिवशी दुपारी गिरणीसमोरच्या मांडवात पाहुण्यांची पोरं त्याच्या मागे लागली, काका, तीन भाऊ दाखवा. लॅपटॉप माझा होता. दिगंबर अंगाला हळद लागलेला, पाटावर बसून, थोरल्याच्या आवाजात सुरू झाला. बायका हातातली कामं ठेवून ऐकू लागल्या. अण्णा धान्याच्या पोत्यावर बसले होते, त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. चेहऱ्यावर हसू होतं, आणि अण्णांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मध्येच म्हणालो, “अरे, काहीही काय सांगतोस लोकांना?” आणि आवाज लावला. मग एक-एक वाक्य थांबवून त्यांना अर्थ सांगू लागलो. हे भाऊ नाहीत. हा उपास करत नाही, याला दुसऱ्याने हात लावलेलं चालत नाही म्हणून जेवत नाही. ती याच्या मामाची कोणी नाही. माझी गाडी सुसाट सुटली होती. चार वर्षं आवाज लावायला मिळाला नव्हता, त्याचं जणू उट्टं काढत होतो.

अण्णांनी शांतपणे विचारलं, “म्हंजे ह्ये भाऊ न्हाईत?”

“नाही अण्णा. नुसते एकत्र राहतात.”

“मंग त्यो लांब्या बोलला की ह्ये लोकं आसं हासायलेत कशाला?”

“तो तऱ्हेवाईक आहे ना. त्याला माणसांत कसं वागावं ते कळत नाही. त्याच्यावरच हसतात सगळे.”

अण्णा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर उंच माणूस बोलत होता आणि ते न दिसणारे लोक हसत होते. मग अण्णा उठले, धोतर झटकलं, पाण्याच्या टाकीचं बघतो म्हणाले आणि मांडवाबाहेर गेले. दिगंबरने हात लांब करून लॅपटॉप हळूच मिटवला. “जाऊ द्या,” तो पोरांना म्हणाला, “पमूला इंग्लिश येतंय आता.” मी प्रमोद, पण हॉस्टेलवर सगळे मला पमू म्हणायचे. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला तरीही काही कळलं नाही. मी संध्याकाळी पोटभर जेवलो, फोटोत मध्ये उभा राहिलो. परतीच्या एसटीत, गाडी मुरुडच्या बाहेर पडताना, अण्णांचं ते उठून जाणं डोळ्यांपुढे आलं आणि एकदम सगळी समीकरणं सुटली. तेव्हा मला गाडीतून उडी मारावीशी वाटली.

त्यानंतर माझ्यासमोर दिगंबरने ते कधी केलं नाही. फोनवर एकदा मी उगाच हसत विचारलं, अजून करतोस का रे तीन भाऊ? तो म्हणाला, “टाइम कुठाय आता.” मी पुण्याची नोकरी सोडून नांदेडला शिकवायला आलो. आमचं बोलणं होत राहिलं, दिवाळीला, मुलं झाली तेव्हा, कोणाची बदली झाली तेव्हा. त्याचे विद्यार्थी सांगायचे, सर फळ्यावर दोन विद्युत प्रभार काढतात आणि त्यांची भांडणं लावतात, आम्हाला सूत्र पाठच करावं लागत नाही. मला ते ऐकून हसू यायचं आणि आत कुठेतरी टोचायचं.

मग त्याच्या किडन्या गेल्या. लातूरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. असे चौदा महिने. मी तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा घरी, सुट्टीच्या दिवशी. शेवटच्या खेपेला ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. नांदेडहून निघाल्यापासून वाक्य घोळवत होतो, ‘दिगू, तुझ्या लग्नात मी जे केलं ते चुकलं.’ साधं, सरळ. अहमदपूर येईपर्यंत ते पाठ झालं, चाकूरला चहा घेतला तेव्हा जरा ढिलं पडलं, आणि त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तोंडातून निघालं, “क्रिएटिनिन किती आहे?” तो हसला आणि आकडा सांगितला. सुनीताने चहा आणला, मला कपभर, त्याला दोन घोट. त्याला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं असायचं. त्याची एक बाटली होती, तिच्यावर त्याने कोणत्या वेळेपर्यंत किती प्यायचं याच्या पेनाने रेघा मारल्या होत्या. मी ती बाटली हातात घेऊन फिरवली आणि म्हणालो, “खालची रेघ चुकली आहे. बाटली तळाशी निमुळती आहे, तिथे पाणी कमी बसतं. तू ठरवल्यापेक्षा कमी पितोयस.” त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. “हाव रे,” तो म्हणाला, “तू न्हाई सांगितलं तर कोण सांगंल.” आणि माझ्याकडून पेन घेऊन रेघ बदलली. निघताना दारापर्यंत आला, भिंतीला धरून. मी पुन्हा ते वाक्य आठवू लागलो. तो म्हणाला, “पोचलास की फोन कर.” मी पोचल्यावर फोन केला. ते बोलणंही मी कुठल्या एसटीला गर्दी कमी असते यावर घालवलं.

तो गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी पुन्हा लातूरला गेलो. सुनीताने एकच काम सांगितलं. घरच्या फ्रिजमध्ये त्याची रक्तवाढीची इंजेक्शनं उरली होती, महागाची, अजून मुदत शिल्लक असलेली. दवाखान्यातल्या सिस्टरांशी ती बोलली होती, दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील. आम्ही बर्फाच्या पिशवीत ती घालून नेली. जिन्यापाशी सुनीता थांबली. “भाऊजी, वर मी नाही येत,” ती म्हणाली. “चौदा महिने बाहेरच्या बाकावर बसून काढलेत. तुम्हीच द्या.”

त्या खोलीत मी पहिल्यांदाच जात होतो. सहा पलंग, प्रत्येकाशेजारी एक यंत्र, हातातून निघून हातात परत जाणाऱ्या लाल नळ्या. कोणी झोपलेलं, कोणी छताकडे बघत. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. आवाज बंद. आणि टीव्हीवर ती मालिका चालू होती. मी दारातच थांबलो. मशीन बघणाऱ्या मुलाने इंजेक्शनं घेतली, सिस्टरांकडे पाठवली, आणि माझी नजर पाहून म्हणाला, “सरांचा पेन ड्राइव्ह हाय. आवाज लावायची परवानगी न्हाई इथं, लोकं झोपतेत. सर हळू आवाजात बोलायचे. पहिल्या पहिल्यांदा शेजारच्या आजीपुरतं. मंग बाकीचे म्हणायले, आमाला बी ऐकू येऊ द्या. ही पाळी कोणी चुकवायचं न्हाई बघा, सर आसायचे म्हणून.”

“तुम्ही कोण?” पलंगावरून त्या आजींनी विचारलं. औशाकडच्या होत्या, डोक्यावर पदर, नळ्या लावलेला हात उशीवर.

“मी त्याचा मित्र. नांदेडचा. प्रमोद.”

“पमू?”

मी मान हलवली. आजींनी टीव्हीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या शेजारचा माणूस हसायला लागला. मालिकेत लॅबचा एक अधिकारी अधूनमधून येतो, टाय लावलेला, हातात रजिस्टर, आल्या आल्या तिघांच्या चुका दाखवायला लागतो. हॉस्टेलवर दिगंबरने त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इथे त्याने त्याला नाव दिलं होतं. “सर म्हणायचे,” आजी सांगू लागल्या, “ह्यो पमू. थोरल्याचा जिगरी दोस्त. लई शाणा, सगळ्यायच्या चुका काढतो. पर लांबून येतो बिचारा एसटीनं. त्यो आल्याबिगर थोरल्याला घास जात न्हाई.”

मला त्या खोलीत कुठे बघावं ते कळेना. बर्फाची रिकामी पिशवी हातात होती, ती मी उगाचच घडी घालत राहिलो. हा माणूस आठवड्यातून तीनदा, रक्त बाहेर जात असताना, अनोळखी लोकांपुढे मला त्या घरात बोलावत होता. आणि मी नांदेडला बसून एका वाक्याची तयारी करत होतो. रडू आलं, ते आवरलं नाही. डायलिसिसच्या खोलीत रडणाऱ्याकडे कोणी फारसं पाहत नाही, त्यांना सवय असते.

“बसा,” मशीनवाल्या मुलाने स्टूल दिलं. आजी टीव्हीकडे बघत होत्या. “सरांनी मधीच सोडलं हो,” त्या म्हणाल्या, “आमाला पुढचं म्हाईत न्हाई. नुसती तोंडं हालायलेत. ह्यो थोरला भांडून घरातनं गेल्ता. आता आलाय बघा दाराम्होरं. काय म्हणायलाय?”

पडद्यावर उंच माणूस बंद दारावर टकटक करत होता. हा भाग मला माहीत होता. चांगलाच माहीत होता, आवाजासकट, अक्षरांसकट. तो आत राहिलेली त्याची छत्री मागायला आलेला असतो आणि उलट आतल्यालाच बोल लावतो, आणि तिथे ते न दिसणारे लोक सगळ्यात जास्त हसतात. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पलीकडच्या दोघांनीही मान वळवली होती. पडद्यावरचे ओठ हलायला लागले, आणि मला बोलायची घाई झाली.

“तो म्हणायलाय…” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “तो म्हणायलाय, दार उघड. माझं चुकलं. लई दिवसांपासून सांगायचं होतं.”

आजींनी हलकेच ‘अगं बाई’ म्हटलं. दार उघडलं. आतल्याने उंच माणसाकडे पाहिलं आणि तो काहीतरी बोलू लागला. आतल्याचं काय असेल ते मला रचता येईना. ते दिगंबरने बोलायचं होतं. मी नुसता बघत बसलो आणि यंत्रं आपापली टिकटिक करत राहिली. आजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग माझी अडचण ध्यानात आल्यासारखं त्या स्वतःच म्हणाल्या, “ये म्हणला आसल. पाय धू, जेवाय बस म्हणला आसल. दुसरं काय म्हणणार?”

“बरोबर आहे आजी,” मी म्हणालो. “तेच म्हणाला.”